परड्यात नवीन पाखरू आलंय? ते कोण, हे ठरवायचं कसं

परड्यात किंवा गच्चीवर दाणापाणी ठेवायला लागलं की सुरुवातीला चिमण्या, साळुंक्या, पारवे आणि कावळे एवढंच गिऱ्हाईक असतं. मग एखाद्या सकाळी थाळीच्या काठावर भलतंच पाखरू बसलेलं दिसतं. आपण फोन आणायला आत पळतो, बाहेर येईतोवर ते उडालेलं असतं, आणि मग दिवसभर घरात वाद. एक म्हणतं तपकिरी होतं, दुसरं म्हणतं छे, पिवळसर होतं, आणि आजी ठामपणे सांगते की तिच्या लहानपणी असली पाखरं रोज यायची.

हा लेख अशा घरांसाठी. कोल्हापूर शहर आणि आजूबाजूची गावं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो: दाण्यावर येणारा अनोळखी पक्षी बहुतेक वेळा ओळखीच्याच पक्ष्याची मादी, पिल्लू किंवा पिसं बदलत असलेला नर निघतो. दुर्मीळ पाहुणा येतो, पण क्वचित. त्यामुळे आधी घरचे वगळायचे आणि मग पाहुण्यांकडे वळायचं.

लागणारं सामान

- खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात पेनाची शाई फुटते.
- दुर्बीण. ८×४० किंवा ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानदार २० पटीची दाखवून भुरळ पाडतो, ती नको. हात जरा हलला की चित्र हलतं, आणि चार हातांवरची थाळी तिच्यात स्पष्ट दिसतच नाही.
- फोनवर मर्लिन हे ॲप. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे आणि फुकट आहे. आपल्या भागाचा पॅक वायफायवर आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी अडत नाही.
- एखादं छापील सचित्र पुस्तक, ज्यात नर, मादी आणि पिल्लू अशी वेगवेगळी चित्रं असतील. फोटोंपेक्षा हातानं काढलेली चित्रं नवख्याला जास्त उपयोगी पडतात, कारण त्यात खुणा ठळक केलेल्या असतात.
- मातीची पसरट थाळी. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारा. स्टीलची थाळी एप्रिलमध्ये चटके देते.

दुर्बीण नसली तरी सुरुवात अडत नाही. वही नसली तर मात्र अडते.

१. जागचं हलू नका

पक्षी दिसला की फोन आणायला जाऊ नका. जिथं उभे आहात तिथंच थांबा आणि बघा. पक्षी थाळीवर किती वेळ थांबेल ते आपल्या हातात नाही, पण आहे तेवढा वेळ तरी डोळे त्याच्यावर हवेत.

बघण्याचा क्रम ठरवून घ्या: चोच, डोकं, पंख, शेपटी, मग पोटाकडची बाजू. दिसेल ते हळू आवाजात बोलत जा. शेजारी घरातलं पोर असेल तर त्याला लिहून घ्यायला सांगा, पोरं हे काम मनापासून करतात. पक्षी गेल्यावर लगेच वहीत एक अंडाकृती काढा, तिला चोच आणि शेपटी जोडा आणि जिथं रंग दिसला तिथं बाण काढून लिहा. चित्र कितीही वेडंवाकडं आलं तरी चालतं.

सोबत वेळ, ऊन कुठल्या बाजूनं होतं, पक्षी एकटा होता की थव्यात, काय खात होता, हेही टिपा. आणि हे सगळं पुस्तक उघडायच्या आधी. एकदा छापील चित्र डोळ्यांखालून गेलं की आठवण त्या चित्राला जाऊन चिकटते, आणि मग नसलेली भुवईसुद्धा (म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ) ‘होती की’ असं वाटायला लागतं.

२. माप घ्या

पाच पक्षी पट्टीसारखे वापरायचे. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २५ च्या आत, पारवा ३३ आणि कावळा ४० च्या थोडा वर. ‘छोटा होता’ असं लिहू नका. ‘चिमणीपेक्षा लहान’ किंवा ‘बुलबुलाएवढा, पण शेपटी लांब’ असं लिहा.

थाळीच्या काठाला पाच-पाच सेंटिमीटरवर रंगाच्या बारीक खुणा करून ठेवल्या तर माप आयतं मिळतं. फोटोतही त्या दिसतात, त्यामुळे नंतर कुणाला विचारताना वाद राहत नाही.

थंडीच्या सकाळी पक्षी अंग फुलवून बसतो आणि दीडपट दिसतो. जुलैच्या झडीत भिजलेला तोच पक्षी निम्मा आणि काळपट दिसतो. म्हणून अंगाच्या फुगीरपणापेक्षा लांबीवर भरवसा ठेवा.

३. चोच आणि शेपटी

रंगाआधी चोच. जाड, त्रिकोणी चोच असेल तर पक्षी दाणे फोडणारा: चिमणी, सुगरण, मुनिया. बारीक, टोकदार चोच कीटक वेचणाऱ्याची: शिंपी, वटवट्या, दयाळ. लांब, बाकदार आणि सुईसारखी असेल तर शिंजीर. तो दाण्यावर येत नाही, शेजारच्या जास्वंदीवर येतो. जाडजूड चोच आणि तिच्या मुळाशी राठ मिशा दिसल्या तर तांबट. टोकाशी खाली वाकलेली आकडेदार चोच शिकाऱ्याची.

शेपटी काय करते तेही बघा. सतत वरखाली हलत असेल तर धोबी. ताठ उभी करून खालची तांबूस पिसं दाखवत असेल तर चीरक. खोल दुभंगलेली असेल तर कोतवाल. पंख्यासारखी पसरून जागच्या जागी गिरक्या घेत असेल तर नाचण. या चौघांना ओळखायला रंग लागतच नाही.

४. रंग किती, यापेक्षा कुठे

कोवळ्या उन्हात सगळंच सोनेरी दिसतं आणि आंब्याच्या दाट सावलीत सगळंच हिरवट. जांभळ्या शिंजीराचा नर सावलीत कोळशासारखा काळा असतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. त्यामुळे ‘तपकिरी होता’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

विचारायचं ते असं: डोळ्यावर भुवई होती का? पंखावर पांढरे पट्टे होते का, एक की दोन? पाठ साधी की रेघारेघांची? छाती साधी की ठिपक्यांची? बुडाखाली कुठला रंग होता? उडताना पंखात पांढरा डाग चमकला का? सहापैकी तीन उत्तरं मिळाली तरी खूप झालं.

५. आधी घरचे वगळा

खरं काम इथं आहे. जिथं गोंधळ होतो ती मंडळी एकेक करून घेऊ.

*चिमणीसारखं काहीतरी.* आपल्याकडे सगळ्यात जास्त चकवा हाच. चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते, पाठीवर गडद रेघा असतात आणि पोट साधं, मळकट असतं. हे तिन्ही जुळलं तर शोध संपला.

पाठीवर रेघाच नाहीत, अंग एकसारखं राखाडी-तपकिरी, पंखावर पांढरे पट्टे आणि चोच जरा बारीक दिसली तर ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी. नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो, पण मान वर केल्याशिवाय तो दिसत नाही, आणि मादीत तर फारच फिका. डॉ. सालिम अलींना लहानपणी हीच चिमणी सापडली होती. ती कोण हे विचारायला ते मुंबईच्या बीएनएचएस या निसर्गअभ्यासाच्या संस्थेत गेले आणि तिथून त्यांचा पक्ष्यांचा नाद सुरू झाला.

चोच खूपच जाड, शेपटी आखूड आणि भुवई पिवळसर असेल तर सुगरण. पावसाळ्यात नराचं डोकं पिवळंधमक होतं, तेव्हा तो कुणालाही ओळखू येतो. एरवी नर-मादी दोघंही मळके. कोल्हापूरभोवती उसाचे फड आणि विहिरीवरच्या फांद्या आहेत तोवर सुगरणी आहेत, पण हिवाळ्यात त्या थाळीवर आल्या की लोक ‘वेगळी चिमणी’ म्हणतात.

चिमणीपेक्षा लहान, अंगावर एकही रेघ नाही, सगळी दालचिनी रंगाची आणि चोच गडद दिसली तर ते ठिपकेवाल्या मुनियेचं पिल्लू. मोठ्या मुनियेच्या पोटावर खवल्यांची नक्षी असते, पिल्लाच्या नसते, म्हणून पुस्तकात ते पटकन सापडत नाही. पाच मिनिटं थांबा, बहुतेक वेळा खवलेवाले आईबाप मागून येतातच. हिवाळ्यात छातीवर रेघा, पंखावर दोन फिकट पट्टे आणि बिनभुवईच्या कोऱ्या चेहऱ्यावर टपोरा काळा डोळा दिसला तर रोझफिंचची मादी असू शकते. अशा वेळी फोटो नक्की काढा.

*साळुंकीसारखं काहीतरी.* डोळ्यामागची पिवळी कातडी नसेल आणि चोचीच्या मुळाशी छोटा तुरा असेल तर जंगली मैना. आपल्या भागात तिचा डोळा निळसर-पांढरा असतो. डोक्यावर काळा तुरा मागे वळलेला आणि पोट बदामी असेल तर भांगपाडी मैना. हिवाळ्यात झुंडीनं येणाऱ्या भोरड्या गुलाबी-काळ्या असतात, पण त्यातली पहिल्या वर्षाची पाखरं मातकट रंगाची आणि पिवळ्या चोचीची. ती एकटीदुकटी दिसली की भलेभले चक्रावतात.

पावसाळ्यात एखादी साळुंकी पूर्ण टकली दिसते, पिवळं डोकं आणि खाली नेहमीचं अंग. ही नवी जात नव्हे. डोक्यावरची पिसं एकदम गळाली किंवा पिसांतल्या परजीवींनी खाल्ली की असं होतं.

*अंगभर ठिपके आणि लांब शेपटी.* पपई किंवा केळ्याच्या फोडीवर येणारा हा पक्षी कोकिळेची मादी. नर काळाकुट्ट, मादी तपकिरी आणि तिच्यावर पांढरे ठिपके, डोळा दोघांचाही लाल. जून-जुलैनंतर कावळी एका भलत्याच पाखराला भरवताना दिसली तर ते कोकिळेचं पोर.

*पोपट.* लाल चोच, हिरवं डोकं: नेहमीचा पोपट. तसाच पण अंगानं मोठा आणि खांद्यावर लाल डाग: पहाडी पोपट. पिवळी चोच आणि डोकं जांभळट किंवा राखाडी: मनुका पोपट. आणि निळा, पिवळा किंवा पांढरा छोटा पोपट एकटाच बसलेला असेल तर पिंजऱ्यातून सुटलेला बजरीगार, लव्हबर्ड नाहीतर कॉकाटील. हिरव्यागार मुनियेचीही आधी शंकाच घ्या. विकणारे मुनियांना रंग लावतात.

*सगळ्यांना पळवणारा.* थाळी एकदम रिकामी झाली, सगळीकडे शांत झालं आणि फांदीवर पारव्याएवढा आडव्या पट्ट्यांचा पक्षी बसलाय. आकडेदार चोच असेल तर शिक्रा. चोच सरळ आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असेल तर पावशा, म्हणजे आपला ‘पेर्ते व्हा’. दोघांचं रूप इतकं मिळतं की छोटी पाखरंसुद्धा पावशाला बघून ओरडायला लागतात.

*पांढरा किंवा चट्ट्यापट्ट्यांचा.* पांढरी चिमणी, पांढरे पंख असलेला कावळा. पिसांत रंगद्रव्य कमी पडलं की असं होतं. चोच, माप आणि वागणं बघा, जात तीच असते. ‘दुर्मीळ पक्षी सापडला’ म्हणून वर्तमानपत्राला फोन करायची घाई नको.

६. महिना कुठला चाललाय?

यादी छाटायचं सगळ्यात सोपं हत्यार म्हणजे कॅलेंडर. ऑक्टोबर ते मार्च हे पाहुण्यांचे महिने. कंपाउंडच्या भिंतीवर बसून तांबडी शेपटी सारखी थरथरवणारा थिरथिरा, ओल्या मोरीजवळ फिरणारा करडा धोबी आणि झुडपात लपून ‘चक् चक्’ करत राहणारा बोरू वटवट्या याच दिवसांत दिसतात. यातला कुणी ऐन जूनमध्ये दिसला असं वाटलं तर पुन्हा बघा.

मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला नवरंग येतो. हिरवी पाठ, बदामी पोट, बुडाला लाल आणि डोळ्यावरून काळा पट्टा. रात्री प्रवास करणारा हा पक्षी दमून शहरात उतरतो आणि काचांवर आपटतो. तो निपचित सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा, खोकं अंधारात आणि शांत जागी ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. तासाभरात तरतरी आली तर मोकळ्यावर सोडा. नाही आली किंवा पंख मोडलेला दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा.

७. ॲपला विचारा, पण त्याचं सगळं ऐकू नका

मर्लिन पाच गोष्टी विचारतं: कुठे, कधी, केवढा, मुख्य रंग कोणते आणि काय करत होता. वहीतल्या नोंदी इथं कामाला येतात. फोटो असेल तर तो थेट देता येतो. फोटो खिडकीच्या काचेतून काढताना फोन काचेला टेकवा आणि खोलीतला दिवा बंद करा.

गडबड होते ती जागेमुळे. कोल्हापूर जिल्हा म्हणजे एका टोकाला गगनबावडा आणि दाजीपूरचं चिंब जंगल, दुसऱ्या टोकाला शिरोळचं काळं रान. ॲप आसपासच्या मोठ्या टापूतले सगळे पक्षी पुढ्यात ठेवतं, त्यामुळे राजारामपुरीतल्या गच्चीवरच्या पोपटाला ते कधी घाटातला निळ्या पंखांचा पोपट सुचवतं. प्रत्येक सूचनेला विचारा: हा जंगलातला, गवताळ माळावरचा की वस्तीतला? राधानगरीच्या जंगलातला पक्षी मंगळवार पेठेत उतरला असं ठरवायचं असेल तर पुरावा तेवढाच भक्कम हवा.

आवाजावरून ओळखायची सोय छान आहे, पण नक्कल करणारे तिला फसवतात. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. आवाजानं मिळालेलं नाव वहीत पेन्सिलीनं लिहा आणि पक्षी डोळ्यांनी दिसला की पक्कं करा.

उलटा प्रयोग मात्र करू नका. पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर त्याच्याच जातीचा आवाज लावला तर तो हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो.

८. जाणकाराला विचारताना

‘हा पक्षी कोणता?’ एवढ्या तीन शब्दांवर आणि धूसर फोटोवर कुणी काही सांगू शकत नाही. तारीख, वेळ, गाव किंवा पेठ, माप, खात असलेली गोष्ट आणि न कापलेला मूळ फोटो, सगळं एकदम पाठवा. शेजारी चिमणी बसलेली असेल तर तीसुद्धा फोटोत राहू द्या. घरट्याचा फोटो आणि जागा मात्र कुणालाच पाठवू नका.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करता येते आणि सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत लावता येतात. या भागात सहसा न दिसणारा पक्षी नोंदवला तर तपासणारे स्वयंसेवक जास्तीची माहिती मागतात. त्यात राग धरण्यासारखं काही नाही. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची जगभर गणती असते, ती हात बसायला चांगली संधी. त्याआधी सरावासाठी रंकाळ्याचा काठ, कळंबा तलाव आणि शिवाजी विद्यापीठाचा परिसर आहेच. तिथं आधी साळुंकी आणि जंगली मैना दोन्ही नीट बघून ठेवा.

थाळीबद्दल

बाजरी, तांदळाची कणी, राळा आणि फोडलेला जोंधळा चालतो. फळात केळं आणि पपई. भडंग, शेव, चिवडा, खारे शेंगदाणे आणि दूध नको, उरलं म्हणून तर नकोच. तासाभरात संपेल एवढंच घाला. ढीग घातला की पारवे मुक्कामाला येतात आणि बाकीचे फिरकत नाहीत. पाणी रोज बदला आणि थाळी घासून उन्हात वाळवा, कारण आजारी पारव्याची लाळ दुसऱ्याच्या पोटात जाते ती याच थाळीतून. पक्षी अंग फुगवून, डोळे मिटून तासन्‌तास बसून राहिलेला दिसला तर काही दिवस दाणे बंद ठेवा.

आणि आवडलं म्हणून पाखरू धरून पिंजऱ्यात घालायचं नाही. आपले पोपट, मैना आणि मुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग विकणारा काहीही सांगो.

तरीही ओळख पटली नाही तर

हिवाळ्यातले तपकिरी वटवटे मुरलेल्या लोकांनाही दाद देत नाहीत. तेव्हा वहीत ‘वटवट्या, जात नक्की नाही’ असं लिहा. ईबर्डमध्येही अशी नोंद करायची सोय आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, ऊन पाठीमागे घेऊन बसा. दाण्याची किंवा पाण्याची जागा सापडली की पाखरं सहसा त्याच वेळेला पुन्हा येतात.